कणकेची आई

माझं लग्न ठरलं तेव्हा मला सोळावं सरून सतरावं लागलं होतं. त्या काळी इतकी मोठी मुलगी घरात असणं म्हणजे आईवडिलांच्या जिवाला घोर. वडील धारला एका देवळात पूजेला होते. माझ्या पत्रिकेत मंगळ होता आणि प्रथमवर काही मिळेना. शेवटी देवासचं स्थळ आलं. तिथल्या दोन राजगाद्यांपैकी थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून, वय तिशीच्या आत, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मागे एक मुलगी. आईनं मला दोन दिवस यातलं काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना म्हणाली, "तयार मूल आहे गं त्या घरात." ती माझी समजूत घालते आहे की मला सावध करते आहे, हे तिच्या आवाजावरून मला कळेना.

माघात लग्न झालं. बैलगाडीनं, वाटेत मुक्काम करत, आम्ही देवासला पोचलो. उंबरठ्यावरचं माप ओलांडताना तांदूळ सांडले आणि वन्संच्या, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेच्या, पदरामागून एक मुलगी पुढे आली. चार वर्षांची होत आलेली, खणाचा परकर नेसलेली. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. ती खाली बसली आणि सांडलेल्या तांदळांवर तळहात दाबून धरला. मग हात उलटा करून, कातडीला चिकटलेले दाणे निरखत राहिली. "ऊठ, नवी आई आली तुझी," वन्सं म्हणाल्या. ती उठली, पण हात तसाच उघडा धरून.

ती बोलत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मुकी नव्हती. आई होती तोवर चांगली चुरुचुरु बोलायची, असं सगळे सांगत. आई गेल्यावर चारआठ दिवसांत बोलणं थांबलं, त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. हसायची ते ओठांतल्या ओठांत. रडायची तेही आवाज न करता, आणि त्याची मला भीती वाटे. पडून गुडघा फुटला तरी घळाघळा पाणी वाहायचं, तोंड मात्र मिटलेलं.

वन्सं बालविधवा होत्या. भावाचा संसार त्यांनीच सावरला होता. त्यांनी पोरीसाठी काय केलं नाही? वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं, वैद्य झाले, टेकडीवरच्या देवीला नवस झाला. रोज सकाळी तिला पुढ्यात बसवून म्हणायच्या, "म्हण, आ-ई. म्हण बघू." मुलगी त्यांच्या ओठांकडे टक लावून पाही आणि स्वतःचे ओठ आणखी घट्ट मिटून घेई. मग मीही लागले. वडीचा तुकडा दाखवायचा आणि म्हणायचं, "माग ना, माग म्हणजे देते." ती वडीकडे पाठ फिरवून निघून जायची. असं पाचसहा वेळा झाल्यावर मी तो नाद सोडला.

माझी गतही काही फार वेगळी नव्हती. त्या घरात मी तरी कुणाशी बोलणार होते? यजमानांचा उल्लेख तेव्हा 'इकडून' असा करायचा, आणि इकडून बोलणं व्हायचं ते जेवणाच्या पानावर, तेही वन्संशी. दुपारी वन्सं देवळात पुराणाला जात. मग घरात आम्ही दोघीच, एक बोलत नसलेली आणि एक बोलायला कुणी नसलेली.

अशाच एका दुपारी मी परातीत ज्वारी घेऊन निवडत बसले होते. मुलगी आली आणि तिनं मनगटापर्यंत हात ज्वारीत खुपसला. चार दाणे बाहेर उडाले. वन्सं असत्या तर ओरडल्या असत्या. मला मात्र माहेरची आठवण झाली. धारला आमच्या शेजारी एक मोठी कणगी होती, तिच्यात मीही असाच हात घालायची. मी माझा हात ज्वारीत घातला आणि आतल्या आत तिची बोटं शोधून धरली. ती दचकली, मग तिनं हात सोडवून घेतला आणि माझी बोटं शोधू लागली.

खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी खेळत नव्हते. मलाच खेळायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी ज्वारीत चिंचोके लपवले. ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपत एकेक चिंचोका काढायची आणि माझ्या मांडीवर ठेवायची. मी आपली माझ्याशीच बडबडत असे. "हा बघ गुळगुळीत. ही ज्वारी कशी सरसर पळते. अरे, हा कुठे दडून बसला?" तिला 'म्हण' असं मी एकदाही म्हटलं नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, ती म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं इतकंच.

फाल्गुन संपत आला तसं पाडव्याच्या आधी घर सारवून घ्यायचं ठरलं. दरवर्षी येणारी एक माळवी बाई आली. अंगणात तिनं माती, शेण आणि भुसा कालवून गारा केला आणि पायांनी तुडवू लागली. मुलगी खांबाला धरून पाहत होती. बाईनं वर न बघताच हाक मारली, "आव नी बेटा, घाल हाथ."

मी म्हटलं, "नको हो, परकर धुतलेला आहे."

"कई नी होय, बई. माटी हे. धोई लांगा."

मुलगी पुढे गेली. आधी एक बोट. मग पंजा. मग दोन्ही हात मनगटापर्यंत त्या गाऱ्यात गेले आणि तिनं मुठी आवळल्या. बोटांच्या फटींतून गारा वर आला, तेव्हा तिनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "ठंडो."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. सारवणारी बाई मात्र पाय न थांबवता म्हणाली, "हाँ, ठंडो हे." जणू ही मुलगी रोजच बोलते. तिला ठाऊक नव्हतं म्हणून ती तसं म्हणाली, आणि तेच बरं झालं. मी जवळ जाऊन खाली बसले. मुलीनं तो भरलेला हात माझ्या गालावर ठेवला. "ठंडो?" मी म्हटलं, "हो गं. गार आहे. ठंडो आहे."

वन्सं देवळातून आल्या तेव्हा मी दारातच त्यांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. देवापुढे गूळ ठेवून आल्या, पुन्हा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पण पहिला शब्द बोलली तो माळवीच का?" हे म्हणतानाही त्या रडतच होत्या.

त्यानंतर मागच्या अंगणात रोज थोडी माती भिजू लागली. शब्द येत, पण हातात काही असलं तरच. कापूस दिला की "मऊ". विटेचा तुकडा हातात आला की "खरबरो", भिजल्या साबुदाण्यात बोटं गेली की "चिकट, चिकट, चिकट". निम्मे शब्द माझे, निम्मे सारवणाऱ्या बाईचे. ती शेणी घालायला शेजारी यायची आणि जाता जाता दोन घटका आमच्याकडे टेकायची. हात धुऊन पुसले की मुलगी पुन्हा गप्प. मला वाटायचं, हातात काही असलं की तिला आपण बोलतोय याची आठवण राहत नसावी.

चैत्रात एके दिवशी तिनं मातीची गाय केली. चार पाय, एक शेपूट, शिंगं मोडकी. माझ्या समोर वाडगाभर पाणी होतं. तिनं गाईला पाण्यावर नेलं. "गाय. पाणी पी." गाईचं तोंड पाण्यात बुडालं आणि विरघळू लागलं. तिनं ती तशीच धरून ठेवली. मग पाय गेले. शेवटी तळहातात नुसता चिखल राहिला. मला वाटलं, आता रडणार. तिनं गढूळ पाण्यात हात फिरवला आणि म्हणाली, "गाय गेली. पाण्यात गेली. गाय नी आता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाय केली. वाडग्यापासून लांब ठेवली आणि मला म्हणाली, "काल गेली. आज आली."

काल आणि आज तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मग रोज त्या गाईचं काहीतरी होऊ लागलं. ती टेकडीवर जाई, तिथे चिंचोका खाई, तिच्या पोटात दुखे, मग कापसाच्या गादीवर निजे. मी फक्त "मग?" म्हणायची. एकदा विसरून मी "गाईचा रंग कोणता गं?" असं मास्तरासारखं विचारलं, तर दिवसभर गोष्ट बंद.

आषाढात मात्र हे सगळं थांबलं. देवळात पुराणाला शेजारणींच्या बोलण्यातून वन्संच्या कानावर आलं, "सावत्र आहे, पोरीला चिखलात टाकून देते आणि मोकळी होते." बोलणारीनं मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं. वन्सं घरी आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. पोरीच्या परकराचा मळलेला घोळ हातात धरून मला म्हणाल्या, "उद्यापासून माती बंद. मला लोकांची तोंडं धरता येत नाहीत."

"वन्सं, पण ती बोलते त्याच्यामुळे."

"बोलते ते तरी काय? 'नी' आणि 'हे'. माणसांत बसून शिकेल ती नीट बोलायला."

मी मोरीत जाऊन भांडी घासली आणि तिथेच रडून घेतलं. मुलगी आठवडाभर अंगणाच्या दाराशी बसून राहिली. सकाळी वन्संच्या पुढ्यात बसणं पुन्हा सुरू झालं, आणि ते ओठ मिटणंही. एकदा जेवताना यजमानांनी विचारलं, "हल्ली बोलत नाही का ती?" वन्संनी आमटी वाढली. मी खाली पाहिलं. बहिणीच्या शब्दाबाहेर जायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला आणि उठले.

मग दिव्यांची अवस आली. त्या दिवशी कणकेचे गोड दिवे करायचे असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक घेऊन वन्सं आणि मी दुपारी स्वयंपाकघरात बसलो. मुलगी उंबऱ्याबाहेर उभी होती. वन्संनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनाही ती शांतता सोसत नसावी. "ये," त्या म्हणाल्या. "सणाचा दिवस आहे, तुझ्याही हाताला लागू दे कणीक." आणि लिंबाएवढा गोळा त्यांनी तिच्या हातात दिला.

ती आमच्या मध्ये बसली. तिनं गोळा मळला, पाटावर वळून लांब केला. एका टोकाला चिमटीनं डोकं काढलं. मग कणकेवर झाकलेलं ओलं फडकं ओढून त्याचा कोपरा त्या लांबुडक्या वळकटीवर गळ्यापर्यंत घातला.

वन्संनी विचारलं, "बाहुली का गं?"

तिनं मान हलवली. "आई."

मी दिवा वळत राहिले आणि हळूच म्हटलं, "आई निजली वाटतं."

"निजली," ती म्हणाली. उरलेल्या कणकेचा एक बारका गोळा करून तिनं तो फडक्याखाली सरकवला. "बाळ पण निजलं." मग पिठानं माखलेलं बोट ओठांवर ठेवून तिनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "आवाज करू नको. आई निजलीय."

वन्संच्या हातातला दिवा चेपला गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा तो भाव मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"माझे शब्द आहेत हे," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं. त्या सकाळी. खोलीत बायका होत्या, सगळं आवरायचं होतं, आणि ही दाराशी येऊन 'आई, आई' करत होती. मी म्हटलं, आवाज करू नको, आई निजलीय. मग शेजारी पाठवून दिली हिला. परत आली तेव्हा खाट उचललेली होती."

"आणि नंतर?"

"नंतर कोण सांगणार होतं तिला? मला वाटलं, लहान आहे, विसरेल."

मुलगी आमचं बोलणं ऐकत होती. वन्संनी पिठाच्या हातांनी तिला मांडीवर ओढून घेतलं. सोवळ्याचं त्यांना भान राहिलं नाही. "बाळा, मी खोटं सांगितलं तुला," त्या म्हणाल्या. "आई निजली नव्हती. आई देवाघरी गेली. आता उठायची नाही ती. तू बोललीस तरी उठायची नाही, नाही बोललीस तरी नाही."

मुलीनं पाटावरच्या वळकटीकडे पाहिलं. "बाळ?"

"बाळही गेलं."

मग तिनं विचारलं, "आई ठंडो?"

त्या दिवशी तिनं आईला हात लावला होता की काय, हे आम्हाला कधीच कळलं नाही. वन्संनी तिचं डोकं छातीशी धरलं. "हो गं राणी," त्या म्हणाल्या. "ठंडो."

मग ती रडली, आणि आवाज करून रडली. शेजारची बाई काय झालं म्हणून कुंपणाशी आली. वन्संनी आतूनच सांगितलं, "काही नाही. आमची पोर रडतेय." रडणं ओसरल्यावर मुलीनं फडकं काढलं, आई आणि बाळ एकत्र करून पुन्हा गोळा वळला आणि आत्याच्या हातात दिला. "दिवा कर." दोघींनी मिळून अंगठ्यानं त्याला खळगा पाडला.

त्या दिवसापासून ती भडाभडा बोलू लागली, असं मात्र झालं नाही. आत्याच्या त्या एका वाक्यामुळेच तिचं बोलणं थांबलं होतं, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लहान मुलाच्या मनातलं कुणी पाहिलंय? मोकळेपणा यायला दिवाळी उजाडली. पण सकाळचं पुढ्यात बसवणं बंद झालं. आणि चारच दिवसांनी वन्सं ओढ्यावरून येताना पदरात काळी माती घेऊन आल्या. शेजारणीनं काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मी आणलीय. खेळायला."

यजमानांना त्यांनीच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून आल्याआल्या, पागोटंही न काढता, मागच्या अंगणात जाऊन मुलीजवळ बसले. पुढे काही दिवसांनी ते प्रथमच माझ्याशी तिच्या आईबद्दल बोलले. ती पालीला फार भ्यायची आणि भ्याली की हसत सुटायची, असं म्हणाले. सांगताना तेही थोडं हसले. मला आत कुठेतरी टोचलं, ते का लपवू? पण त्या बाईला मी तोवर नुसती 'पहिली' म्हणून ओळखत होते. पालीला भिणारी, हसणारी अशी ती त्या दिवशी मला दिसली. मग मीच मुलीला ते सांगितलं. तिनं लगेच मातीची पाल केली.

मला ती 'जीजी' म्हणू लागली. सारवणारी बाई तिला माझ्याकडे धाडताना म्हणायची, "जीजी कने जा," त्यावरून. वन्संना वाटे, आई म्हणावं. मी म्हटलं, राहू द्या. आई तिला एक होती.

सात वर्षांची झाल्यावर तिला मुलींच्या शाळेत घातली. तोवर मला पहिला मुलगा झाला होता, आणि तो तिच्या मांडीवर बसून तिच्या गोष्टी ऐकायचा. शाळेत मात्र तिचं वाचन यथातथाच राहिलं. एकदा मास्तरांनी यजमानांना कचेरीतून जाताना थांबवलं. "मुलगी हुशार आहे हो तुमची," ते म्हणाले, "पण धडा वाचायला सांगितला तर दोन ओळी वाचते आणि पुढचं मनानंच सांगते. वर्ग खुळ्यासारखा ऐकत बसतो. पुस्तकात तसलं काही नसतंच."

यजमानांनी घरी येऊन हे पानावर बसल्यावर सांगितलं. रागवायचं म्हणून आवाज चढवला, पण तो काही चढेना. "असं काय सांगितलंस तू वर्गात?" त्यांनी विचारलं.

ती सांगू लागली. कुक्षी गावच्या बाजाराला निघालेला एक बैल होता, त्याच्या पाठीवर सरकीचं पोतं होतं आणि पोत्याला होतं बारीकसं भोक. तिचे हात पानावरच्या भातात त्या वाटेची वळणं काढत होते, नदी यायची तिथे आमटीचा ओहोळ. तिच्या बोलण्यात मराठी किती आणि माळवी किती, हे वेगळं काढणं कुणालाही जमलं नसतं. वन्संनी दोनदा टोकलं, "पडी गी नाही, पडली म्हणावं." तिसऱ्यांदा त्या टोकायच्या विसरल्या. वाढायची पळी हातात धरून उभ्याच राहिल्या आणि बैल नदीशी थांबला तेव्हा म्हणाल्या, "अगं, मग त्या सरकीचं काय झालं?"